अणशीचा पाऊस आणि पृथ्वीची घडण : मामा-भाचीचा संवाद

अणशी हे गाव उत्तर अक्षांश १५ अंशांवर आहे. उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, काळी नदीच्या खोऱ्यात ते वसले आहे. समुद्र सरळ रेषेत ३५ किलोमीटरांच्या आसपास. वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस इथे पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पूर्वेकडे हल्याळ ओलांडून धारवाड गाठेपर्यंत तोच पाऊस आठशे मिलिमीटरांच्या घरात येतो. अणशीचे सदाहरित रान, दांडेलीकडचा सागवान आणि धारवाडची काळी शेते यांत जो फरक दिसतो तो मुख्यतः या पावसाच्या उताराने पडलेला आहे. हा पाऊस कुठे, केव्हा आणि किती पडावा हे मात्र पृथ्वीच्या घडणीतून ठरते. तिची आस २३.४ अंशांनी कललेली आहे, ती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, एक गिरकी २४ तासांत पुरी करते, सूर्यापासून सरासरी १५ कोटी किलोमीटरवर राहते आणि तिच्याभोवती ठरावीक जाडीची हवा आहे.

ही घडण निराळी असती, किंवा आज बदलली, तर जीवसृष्टीचे काय होईल? या प्रश्नाला अभ्यासकांत दोन प्रकारची उत्तरे मिळतात. एका मताने पृथ्वीवरची परिस्थिती इतकी नेमकी जुळून आली आहे की एखादी गोष्ट जरा हलली तरी सारे कोसळेल. दुसऱ्या मताने जीव परिस्थितीप्रमाणे वळण घेत आला आहे आणि पुढेही घेईल. परिस्थिती बदलली तर जीवसृष्टी बदलेल, संपणार नाही. पुढील मांडणीत पहिले मत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एका मामाच्या तोंडी आहे आणि दुसरे मत बेडकांचा अभ्यास करणाऱ्या त्याच्या भाचीच्या. दोन्ही पात्रे मांडणीच्या सोयीसाठी कल्पिलेली आहेत. रान, नदी, खडक आणि आकडे खरे आहेत.

सुरुवात आसेच्या कलापासून करणे योग्य, कारण मोसमी पावसाचे मूळ तिथे आहे. सध्याच्या कलामुळे अणशीला २१ जूनच्या माध्यान्ही सूर्य उत्तरेकडे सुमारे ८२ अंश उंचीवर असतो, २२ डिसेंबरला दक्षिणेकडे ५२ अंशांच्या जवळपास. वर्षातून दोनदा, एप्रिलच्या अखेरीस आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, तो थेट डोक्यावर येतो. सर्वांत मोठा दिवस १३ तासांचा, सर्वांत लहान सव्वाअकरा तासांचा. फरक फार वाटत नाही. पण हाच कल आशियाची जमीन उन्हाळ्यात समुद्रापेक्षा कितीतरी अधिक तापवतो आणि पावसाचा पट्टा विषुववृत्तावरून उत्तरेकडे ओढून आणतो.

मामा : आता हा कल काढून टाक. आस सरळ उभी कर. मग अणशीला बाराही महिने दुपारचा सूर्य दक्षिणेकडे ७५ अंशांवर. बाराही महिने दिवस बारा तासांचा. पावसाचा पट्टा विषुववृत्ताजवळ अडकून बसेल, तो इकडे येईलच कशाला? आपल्याकडे वर्षभर ईशान्येचा, जमिनीवरून आलेला कोरडा वारा. जानेवारी-फेब्रुवारीत असतो तोच. मृग नाही, रोहिणी नाही, लावणी नाही. हे रान गेलेच म्हणून समज.

भाची : हे रान जाईल, मामा, ते मी नाकारत नाही. पण रान जाणे आणि जीव जाणे यांत फरक करा. ऋतू नसले म्हणजे जीवन नसते असे थोडेच आहे? बोर्निओत ऋतूंचा फरक नावालाच आहे आणि तिथल्याएवढी दाट जीवसृष्टी जगात फार थोड्या ठिकाणी सापडते. आस सरळ झाली तर ती समृद्धी विषुववृत्ताच्या पट्ट्यात साठेल. इथे दांडेली-हल्याळची पानगळी झाडे पश्चिमेला सरकतील. सागवान, किंजळ, ऐन यांना चार-सहा महिने कोरडे काढायची सवय आहेच.

मामा : आणि तुझे बेडूक?

भाची : बेडकांचे कठीण आहे. मलबारचा उडता बेडूक पावसाळ्यात डबक्यावर लोंबणाऱ्या पानांत फेसाचे घरटे करतो. पिल्ले खाली पाण्यात पडावीत म्हणून. डबके नसेल तर ती पद्धत निरुपयोगी ठरेल. या जातीची बाजू मी घेऊ शकत नाही. पण कोरड्या मुलखातही बेडूक आहेत. ते जमिनीत स्वतःला गाडून घेतात आणि वर्षातून एकदा पडणाऱ्या सरीची वाट पाहतात.

कल उलट बाजूने वाढवला तर चित्र अधिक विचित्र होते. युरेनसची आस जवळजवळ आडवी, ९८ अंशांनी कललेली आहे. पृथ्वीची आस ९० अंशांनी कलली असे धरून अणशीचे गणित मांडता येते. २१ जूनच्या मागेपुढे सुमारे महिनाभर सूर्य मावळणारच नाही. अयनदिनी तो उत्तरेकडच्या बिंदूवर, क्षितिजापासून १५ अंश उंचीवर दिवसरात्र ठाण मांडून बसेल. डिसेंबरात तितकेच दिवस तो उगवणार नाही. थेट डोक्यावर येईल तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास. म्हणजे वर्षात दोन उन्हाळे, एक उजेडाचा गारवा आणि एक काळोखाची थंडी. जूनमध्ये २४ तास ऊन असूनही ते इतके तिरपे पडेल की दिवसाकाठी मिळणारी ऊर्जा एप्रिलपेक्षा कमी भरेल.

मामा : महिनाभराचा काळोख! इथली एकही सदाहरित वनस्पती तो सोसण्यासाठी घडलेली नाही. धनेशाचे घे. मादी जानेवारी-फेब्रुवारीत ढोलीत शिरते, तोंड लिंपून घेते आणि एप्रिल-मेपर्यंत आतच असते. नर फटीतून फळे भरवतो. ते फळांचे वेळापत्रक, ते ऊन आणि तो पाऊस एकमेकांत अडकलेले आहेत. एक हलले की पिल्लू उपाशी.

भाची : धनेशाचे वेळापत्रक आजच्या कलाला जुळलेले आहे, कारण तो आजच्या कलातच घडला. त्यावरून दुसऱ्या कलात दुसरे वेळापत्रक घडणार नाही असे सिद्ध होत नाही. ध्रुवाजवळच्या वनस्पती महिनोन्‌महिने काळोखात काढतातच.

इथे कल्पना सोडून घडलेल्या गोष्टींकडे वळता येते, आणि त्या अधिक बोलक्या आहेत. पृथ्वीचा कल स्थिर नाही. सुमारे ४१ हजार वर्षांच्या चक्रात तो २२.१ ते २४.५ अंशांच्या दरम्यान वरखाली होतो. आसेची दिशाही भोवऱ्यासारखी फिरते. त्यामुळे पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ कोणत्या महिन्यात येते ते बदलत जाते. सध्या ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जवळ, १४.७ कोटी किलोमीटरवर असते आणि जुलैच्या आरंभी लांब, १५.२ कोटी किलोमीटरवर. या दोन टोकांत मिळणाऱ्या उन्हात सुमारे सात टक्के फरक पडतो. अकरा हजार वर्षांपूर्वी नेमके उलट होते: पृथ्वी जुलैच्या सुमारास सूर्याजवळ येत होती. उत्तर गोलार्धाचा उन्हाळा कडक झाला आणि मोसमी पाऊस आजच्यापेक्षा जोरदार पडू लागला. अरबी समुद्राच्या तळाचा गाळ त्याची नोंद ठेवून आहे, राजस्थानातील डीडवाना आणि लुणकरणसर या सरोवरांचा गाळही. सहारात त्या काळी गवत आणि तळी होती. त्याच्याही आधी, वीस हजार वर्षांपूर्वीच्या हिमयुगात, पाऊस दुबळा होता आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली गेली होती. कारवारचा किनारा तेव्हा कित्येक किलोमीटर पश्चिमेला असणार.

या एका पुराव्यावर दोघांचाही दावा आहे. मामाच्या मते उन्हातल्या जेमतेम सात टक्क्यांच्या फेरफाराने सहाराचे कुरण झाले आणि पुन्हा वाळवंट झाले, यावरूनच घडी किती नाजूक आहे ते दिसते. भाचीच्या मते पश्चिम घाटाच्या जाती या सगळ्या चढउतारांतून पार झाल्या. पाऊस आटला तेव्हा त्या ओल्या दऱ्यांत मागे सरल्या, वाढला तेव्हा पुन्हा पसरल्या. दोघेही बरोबर असू शकतात. मामा प्रदेशाविषयी बोलतो, भाची वंशाविषयी, आणि या विषयावरचे अर्धे वाद या दोन प्रश्नांची सरमिसळ झाल्यानेच होतात.

गिरकीची दिशा बदलली तर काय, याचे उत्तर अणशीपुरते तरी स्पष्ट काढता येते. उन्हाळ्यात दक्षिण गोलार्धातून येणारे वारे विषुववृत्त ओलांडले की पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळतात. म्हणून ते नैर्ऋत्येकडून, अरबी समुद्रावरून, बाष्प घेऊन येतात. सह्याद्रीवर चढताना ते थंड होतात आणि पाऊस घाटमाथ्यावर ओततात. पृथ्वी पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरू लागली तर हे वारे डावीकडे वळतील आणि आग्नेयेकडून येतील. मग सह्याद्रीची पश्चिम बाजू वाऱ्याच्या आडोशाला जाईल. आज धारवाडला जे पर्जन्यछायेचे दुखणे आहे ते अणशीला आणि कारवारला येईल.

मामा : म्हणजे माझेच म्हणणे खरे. गिरकीचा वेग तोच, ऊन तेच, फक्त दिशा फिरवली, तरी चार हजार मिलिमीटरांचे गाव कोरडे पडते.

भाची : कोरडे पडते ते हे गाव. हॅम्बुर्गच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये संगणकावर पृथ्वी उलटी फिरवून पाहिली. सहारा हिरवा झाला, ब्राझील आणि अमेरिकेचा आग्नेय भाग वाळवंटी झाला. सगळ्या जगातले वाळवंट मोजले तर ते ४.२ कोटी चौरस किलोमीटरांवरून ३.१ कोटींवर उतरले. म्हणजे उलट्या पृथ्वीवर हिरवळ अधिक. आपल्याला ती वाईट वाटते, कारण आपले घर सुलट्या पृथ्वीच्या ओल्या बाजूला आहे.

या उत्तरात एक गोष्ट हातची सुटते. त्या अधिक हिरवळीत अणशीच्या जाती असतीलच असे नाही. पश्चिम घाटाच्या कितीतरी बेडूक, सरडे आणि झाडांच्या जाती जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. सहारा हिरवा झाल्याने त्यांची भरपाई होत नाही. भाचीचे गणित बरोबर आहे. ते पूर्ण नाही.

गिरकीचा वेगही कायम राहिलेला नाही. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांच्या सांगाड्यांवर रोजच्या वाढीच्या रेषा मोजता येतात, आणि त्या वर्षाला ४०० च्या आसपास भरतात. तेव्हाचा दिवस २२ तासांचा होता. चंद्राच्या ओढीने येणाऱ्या भरती-ओहोटीचे घर्षण पृथ्वीला हळूहळू आवरत आले, आणि त्याच देवघेवीत चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटरने दूर सरकतो आहे. शुक्रावर एका सूर्योदयापासून दुसऱ्यापर्यंत आपले ११७ दिवस जातात. पृथ्वी इतकी मंदावली तर अणशीला जवळपास दोन महिने ऊन आणि दोन महिने रात्र होईल. मामाला यात भाजून निघणारी जमीन दिसते. भाची २०१४ मधल्या एका गणिताचा दाखला देते: अतिशय सावकाश फिरणाऱ्या ग्रहावर दिवसाच्या बाजूला जाड ढग जमतात, ऊन परतवतात, आणि ग्रह अपेक्षेपेक्षा थंड राहतो. हे गणित अजून गणितच आहे. शुक्रावर असे आज काही दिसत नाही.

चंद्राचा विचार केल्याशिवाय कलाचा विचार संपत नाही. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाक लास्कार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवले की चंद्र नसता तर पृथ्वीची आस शून्यापासून ८५ अंशांपर्यंत भरकटू शकली असती. मंगळाला मोठा चंद्र नाही आणि त्याचा कल खरोखरच फार बदलत आला आहे.

मामा : मी वर्गात नेहमी हेच सांगत असे. चंद्र नसता तर ऋतूंना बूड राहिले नसते.

भाची : मामा, २०१२ च्या सुमारास तेच गणित अधिक बारकाईने झाले. चंद्राविनाही आस कोट्यवधी वर्षे बऱ्यापैकी मर्यादेत राहते असे त्यात निघाले. भरकटते, पण फार हळू. आणि हळू बदल जीवाला झेपतो, हेच तर माझे म्हणणे आहे.

मामा : आणि भरतीचे? कारवारला काळीच्या मुखाशी जा. उधाणाला पाणी कांदळवनात शिरते, भांगेला मागे राहते. चंद्र गेला तर फक्त सूर्याची भरती उरेल, चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. उधाण आणि भांग हा भेदच संपेल. वरच्या चिखलात पाणी पोहोचणार नाही.

भाची : त्या पट्ट्यातले खेकडे आणि तिसऱ्या कमी होतील हे खरे. खाडी अरुंद होईल. मात्र खाडी राहील.

गुरुत्वाकर्षणाचा मुद्दा थोडक्यात आटोपता येतो. झाडाला मुळातून शेंड्यापर्यंत पाणी चढवताना दर दहा मीटरला सुमारे एक वातावरणाचा दाब गुरुत्वाविरुद्ध खर्ची पडतो. कॅलिफोर्नियातले सर्वांत उंच रेडवूड ११५ मीटरांच्या वर गेले आहे आणि पाणी चढवण्याच्या हिशेबाने झाडाची कमाल उंची १२२ ते १३० मीटर निघते. गुरुत्व दुप्पट झाले तर ही मर्यादा साधारण निम्मी होईल. अणशीतली उंच झाडे ४० मीटरांच्या आसपासची, म्हणून पाण्याअभावी ती खुरटणार नाहीत; त्यांना खोड मात्र जाड करावे लागेल. इथला उडता सरडा फासळ्यांवरची कातडी पसरून झाडावरून झाडावर तरंगत जातो. तो किती तिरपा उतरतो हे गुरुत्वावर फारसे अवलंबून नसते, पण उतरण्याचा वेग वाढेल आणि खोडावर आदळणे महाग पडेल. एकूण हा बदल जीवांच्या अंगकाठीचा आहे. खरा धोका उलट दिशेला आहे. गुरुत्व फार कमी झाले तर हवाच टिकत नाही. मंगळाचे गुरुत्व पृथ्वीच्या ३८ टक्के आहे, त्याचे ग्रहव्यापी चुंबकीय क्षेत्र सुमारे ४०० कोटी वर्षांपूर्वी विझले, आणि आज तिथल्या हवेचा दाब आपल्या शतांशाहूनही कमी आहे.

हवेचा प्रश्न या सगळ्यांहून वेगळा आहे, कारण तिथे परिस्थिती आणि जीव ही वाटणी टिकत नाही. आजच्या हवेत २१ टक्के प्राणवायू आहे. हे प्रमाण १६ टक्क्यांच्या खाली गेले तर वणवा धरत नाही. २५ टक्क्यांच्या बरेच वर गेले तर ओला झाडोराही पेटू लागतो. जोयड्याच्या कुणब्यांना आगीची ही मोजणी पिढ्यान्‌पिढ्या हाताने ठाऊक होती. कुमरीच्या शेतीत झाडे तोडून वाळवत, पावसाच्या तोंडावर जाळत आणि राखेत नाचणी पेरत. इंग्रजी वनखात्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिच्यावर बंधने आणली. कुमरी चालत होती ती ओले रान उभे असताना पेटत नाही आणि वाळवले की पेटते म्हणून. प्राणवायू ३० टक्के असता तर पेटवलेला तुकडा आवरला नसता आणि सदाहरित रान मुळात इतके जुने झाले नसते.

मामा : बघ, किती अरुंद फट आहे ती. सोळाच्या खाली आग नाही, तिसाला रान नाही.

भाची : पण ती फट राखली कोणी? जळलेल्या वनस्पतींच्या कोळशाचे जीवाश्म ४० कोटी वर्षांहून जुन्या थरांपासून पुढे सापडत जातात. म्हणजे त्या बहुतेक सगळ्या काळात प्राणवायू आग धरण्याइतका होता आणि रान जळून संपण्याइतका नव्हता. रान वाढले की प्राणवायू वाढतो, प्राणवायू वाढला की आग रान खाते. शिवाय पहिल्यांदा तो हवेत आणलाच मुळी सूक्ष्मजीवांनी, सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. त्याआधी समुद्रात लोखंड विरघळलेले असे. गोव्यातल्या लोहखनिजाचे पट्टे त्याच जुन्या समुद्राच्या तळावर साचलेले आहेत. ट्रकात भरून मुरगाव बंदराला जात होते ते खनिज म्हणजे परिस्थिती बदलल्याची नोंद.

मामा : आणि त्या बदलात आधीचे किती जीव मेले असतील?

भाची : प्राणवायू विष ठरलेले पुष्कळ. उरले ते चिखलात आणि आतड्यांत गेले. तुमचा श्वास मात्र त्या बदलावरच चालतो.

सूर्यापासूनच्या अंतराविषयी मामाची बाजू सर्वांत बळकट आहे. पृथ्वी पाच टक्के आत सरकली तर तिला ११ टक्के अधिक ऊन मिळेल. समुद्राची वाफ वाढेल, वाफ उष्णता धरून ठेवेल, त्याने आणखी वाफ होईल. कुठल्या अंतरावर हे चक्र हाताबाहेर जाते याबद्दल २०१३ मध्ये दोन गणिते आली: एकात सीमा आजच्या कक्षेच्या एक टक्का आत होती, दुसऱ्यात सुमारे पाच टक्के. शुक्र आपल्यापेक्षा २८ टक्के आत आहे, आणि तिथल्या जमिनीवर ४६० अंश सेल्सियसच्या वर तापमान व आपल्या नव्वदपट हवेचा दाब आहे. तिथे सागवान कुठला आणि बेडूक कुठला.

तरीही याच जोयडा तालुक्यात भाचीच्या बाजूचा पुरावा उघड्यावर पडलेला आहे. गोव्याच्या हद्दीवरच्या अनमोड घाटात सापडणारा नाईस खडक सुमारे ३४० कोटी वर्षांचा मानला जातो. तो घडला तेव्हा सूर्य आजच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास तेजाने तळपत होता. आजची हवा ठेवून इतका मंद सूर्य कल्पिला तर समुद्र गोठायला हवेत. पण ग्रीनलंडमध्ये त्याहून जुने, पाण्यात साचलेले खडक आहेत. पाणी वाहत होते, कारण हवेत उष्णता धरणारे वायू अधिक होते.

हे वायू कमीजास्त करणारी यंत्रणा अणशीच्या पायाखाली काम करते आहे. ज्वालामुखी कर्बवायू हवेत सोडतात. पावसात विरघळून तो सौम्य आम्ल होतो, खडक कुजवतो आणि क्षारांच्या रूपाने नद्यांवाटे समुद्रतळाशी जातो. उष्णता आणि पाऊस जितके अधिक, तितके हे कुजणे जलद. म्हणून ग्रह तापला की कर्बवायू घटतो, गारठला की साठतो. चार हजार मिलिमीटरांचा उबदार पाऊस खडकाला काय करतो ते पाहायचे तर घाटातला जांभा पाहावा. मूळ खडकातले विरघळणारे सारे निघून गेल्यावर मागे राहिलेले लोह आणि ॲल्युमिनियम म्हणजे जांभा. काळी नदी जे वाहून नेते त्यात हवेतून काढलेला कर्बही असतो. झाडांची मुळे आणि त्यांवरच्या बुरशी हे काम आणखी जलद करतात. मामाही इथे मान्य करतो की अंतर एकटे काही ठरवत नाही. त्याची हरकत वेळेची आहे: या यंत्रणेला परिणाम दाखवायला लाखो वर्षे लागतात.

वेळेचा हा मुद्दा दोन्ही मतांच्या मध्ये उभा आहे. टोकाच्या परिस्थितीत जीव टिकतो याचे पुरावे भरपूर आहेत. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने झालेल्या प्रयोगात एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या फुग्याने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरून हवेचे नमुने आणले. तिथे दाब नगण्य, थंडी कडाक्याची आणि अतिनील किरण तीव्र. नमुन्यांतून १२ जिवाणू आणि ६ बुरशी वाढल्या. तीन जिवाणू नवे निघाले. त्यांतल्या एकाला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचे, एकाला इस्रोचे आणि एकाला आर्यभटाचे नाव दिले गेले. मोठ्या प्राण्यांचे उदाहरण हवे तर उत्तर कन्नडातच रात्रबेडूक आहेत. २०१४ मध्ये शास्त्राला परिचित झालेल्या त्यांच्या एका जातीचा नर अंड्यांवर चिखल थापतो, म्हणून तिला कुंभाराचे नाव मिळाले. या बेडकांचे कुळ दख्खनच्या लाव्हाहून जुने मानले जाते. ६.६ कोटी वर्षांपूर्वी बेळगावच्या उत्तरेला लाव्हाचे थर चढत होते, पलीकडे मेक्सिकोत अशनी कोसळला, जगातल्या सुमारे तीन-चतुर्थांश जाती संपल्या, आणि हे कुळ भारताच्या भूखंडावर टिकून राहिले.

मामा : टिकले, कारण कुठल्यातरी दरीत ओल राहिली. उद्या तीही राहिली नाही तर? काळीवरचे सुप्याचे धरण आठव. १०१ मीटर उंच भिंत उभी राहिली आणि जुने सुपे गाव पाण्याखाली गेले. माणसे रामनगरला गेली. झाडे कुठे जाणार होती? नदीने तीच दरी लाख वर्षांत भरली असती तर रान हळूहळू वर सरकले असते.

भाची : हे मात्र मला मान्य आहे. जीव बदलतो तो पिढ्यांच्या चालीने. बेडकाची पिढी दोन-तीन वर्षांची, रानातल्या मोठ्या झाडाची कित्येक दशकांची. बदल त्याहून जलद झाला तर माझा सगळा युक्तिवाद सूक्ष्मजीवांपुरता उरतो.

आजचा बदल त्या जातीचा आहे. हवेतला कर्बवायू औद्योगिक युगाआधी दशलक्षात २८० भाग होता, आज ४२० च्या वर आहे, आणि हे दोन-अडीच शतकांत घडले. कल, गिरकी, चंद्र आणि अंतर यांतले काहीही न हलता पावसाची लय बिघडू शकते ती अशी.

अगदी लांबच्या पल्ल्यावर मात्र अंतराचा प्रश्न सूर्य स्वतःच उकरून काढणार आहे. त्याचे तेज दर शंभर कोटी वर्षांत सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. उष्णता वाढली की खडक कुजण्याचा वेग वाढेल आणि हवेतला कर्बवायू उतरत जाईल. भात आणि बहुतेक सगळी झाडे ज्या पद्धतीने कर्ब घेतात ती दशलक्षात १५० भागांच्या आसपास अडखळते. नाचणी, जोंधळा, ऊस आणि पुष्कळ गवते दुसरी पद्धत वापरतात, आणि ती दहा भागांपर्यंतही चालते. म्हणून या क्रमात अणशीचे सदाहरित रान आणि भाताचे मळे आधी जातील, नाचणी आणि गवत मागून. १९९२ च्या एका गणिताने वनस्पतींना आणखी सुमारे ९० कोटी वर्षे दिली होती. २०२४ मधल्या गणिताने ती मुदत १६० कोटींच्या पुढे नेली आहे. त्यानंतर समुद्र आटेपर्यंत खडकांच्या भेगांत आणि खोल पाण्यात सूक्ष्मजीव राहतील, ज्यांनी २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू भरायला सुरुवात केली त्यांचेच भाऊबंद.